कासवाला ऊन द्या, पण जाळीच्या आत

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्रास कारण की आपल्या रविवारच्या पुरवणीत घरात पाळलेल्या कासवांवर आणि इगुआनावर (घोरपडीसारखा दिसणारा मोठा परदेशी सरडा) लेख आला होता, त्यात रोज ऊन द्या नाहीतर हाडं ठिसूळ होतात असं लिहिलेलं. लेख चांगला होता, चुकीचं त्यात काहीच नव्हतं, पण अर्धाच होता. उन्हात ठेवा एवढं सांगितलं, पण उन्हात ठेवल्यावर वर घार फिरतीय, पॅरापेटवर कावळा बसलाय, कंपाउंडच्या फटीत मुंगूस आहे आणि गेटमधून कुत्रं आत येतंय, हे सांगायचं राहूनच गेलं. आता लेख वाचून किती घरांतली कासवं परातीत घालून टेरेसवर ठेवली गेली असतील या विचारानंच मला चैन पडेना, म्हणून हे लिहायला घेतलं. पत्र मोठं झालंय, पण साहेब कापायचं झालं तर बाकी कुठलंही कापा, पिंजऱ्याचं आणि जखमेचं तेवढं ठेवा.

मी सांगलीत जनावरांच्या एका दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. डॉक्टर नाही, पण जनावर धरणं, जखम धुणं, ड्रेसिंग, मालकाला घरी काय करायचं ते समजावून सांगणं हे सगळं माझ्याकडंच असतं. आमच्याकडं म्हशी, शेळ्या, कुत्री-मांजरं हेच जास्त, पण अलीकडं पाण्यातली ती लाल कानपट्टीची कासवं, रेड इअर स्लायडर, भरपूर यायला लागलीत, अधूनमधून इगुआना येतो, कधी एखादं आफ्रिकन सुलकाटा कासव. आजारी म्हणून येतात ती बहुतेक दोनच प्रकारची, एक ऊन न मिळाल्यामुळं पाठ मऊ पडलेली आणि दुसरी उन्हात ठेवल्यावर कुणीतरी फाडलेली. म्हणजे बघा, एकाला ऊन दिलं नाही म्हणून आणि दुसऱ्याला दिलं म्हणून. त्या दोघांच्या मध्ये जो रस्ता आहे तो कुणी सांगतच नाही.

ऊन लागतंच, त्यात वाद नाही. उन्हातले युव्हीबी किरण कातडीवर पडले की शरीरात ड जीवनसत्त्व, डी थ्री, तयार होतं, ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. ते नसलं तर शरीर स्वतःच्याच हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं, मग कासवाची पाठ दाबली की दबते, इगुआनाचा जबडा सुजल्यासारखा दिसतो, पाय थरथरतात, वाकडे होतात. आणि हे किरण काचेतून येत नाहीत, म्हणून टाकी खिडकीशी सरकवली म्हणजे झालं असं समजू नका, काचेतून येते ती गरमी आणि उजेड. त्यामुळं बाहेर काढावंच लागतं, किंवा मग युव्हीबीचा खास दिवा आणावा लागतो आणि तोही वरचेवर बदलावा लागतो कारण दिसायला उजेड तेवढाच पडतो पण किरण कमी झालेले असतात. बाहेरचं ऊन फुकट आहे, चांगलं आहे, सांगलीत त्याची कमतरता नाही. प्रश्न फक्त ते कसं द्यायचं हा आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. हे थंड रक्ताचे प्राणी आहेत, त्यांच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, बाहेरून ऊब मिळाली की मगच हातपाय चालतात. सकाळी आपण टाकीतून काढून अंगणात ठेवतो तेव्हा ते जनावर दिवसातलं सगळ्यात मंद असतं, पळायचं म्हटलं तरी पळता येत नाही, इगुआनाच्या शेपटीचा फटकासुद्धा तेव्हा ढिला असतो. आणि नेमकी तीच वेळ कावळ्याची, मुंगसाची, रात्रभर हिंडून आलेल्या कुत्र्याची असते, त्यांचं रक्त गरम, पोट रिकामं. लोक म्हणतात आमचा इगुआना लई चपळ आहे ओ, कुणाला हाती लागायचा नाही. तो चपळ असतो तो दुपारी घरात, सकाळी आठला टेरेसवर नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं, अंग तापेपर्यंत, तो जाळीच्या आतच पाहिजे.

फ्लॅटमधल्या लोकांचं म्हणणं असतं की आमच्या टेरेसवर कुत्रं येत नाही, मांजर येत नाही, मग भीती कसली. भीती वरून आहे. आपल्याकडं मटण मार्केटच्या आसपास, कचरा पडतो तिथं, नदीकाठाला घारी कायम फिरत असतात, आणि घार फक्त सडकं खाते हा गैरसमज आहे, उंदीर, सरडे, कोंबडीची पिल्लं ती जिवंत उचलते. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिच्या घरट्यात पिल्लं असतात, तेव्हा तर दिवसभर तिची शोधाशोध चालू असते. रुपया-दोन रुपयाच्या नाण्याएवढी स्लायडरची पिल्लं दुकानात मिळतात ना, ती तिच्या दृष्टीनं एक घास आहेत. मोठं कासव ती उचलत नाही, पण इगुआनाचं पिल्लू सहज उचलते. शिक्रा, हा छोटा शिकारी पक्षी, त्याहून वाईट, तो झाडात बसून असतो आणि कधी आला ते कळत पण नाही.

कावळ्याचं मला जास्त भय वाटतं, कारण तो हुशार आहे. तो एकटा येत नाही, दोघं येतात, एक शेपटी ओढतो, जनावर मागं वळलं की दुसरा पुढून डोळ्यावर चोच मारतो. कासव डोकं आत घेतं हे खरं, पण स्लायडरला पूर्ण बंद होता येत नाही, मागच्या पायाची कातडी बाहेर राहते, तिथं टोचून टोचून भोक पाडतात. आमच्याकडं आलेलं एक स्लायडर मी हातात घेतलेलं आठवतंय, वरून बघितलं तर काहीच नाही, पाठ अगदी चकचकीत, उलटं करून मागचा पाय हळूच ओढला तर मांडीच्या घडीत आतपर्यंत लाल खड्डा, आणि कडेनं मुंग्या. घरच्यांना दोन दिवस पत्ता नव्हता, ते म्हणत होते की खात नाहीये म्हणून आणलंय. आणि टेरेसवर अजून एक, पाणी जायचा पाईप. कासव घाबरलं की कोपरा शोधतं, कोपऱ्यात ते भोक असतं, कठड्याखाली फट असली तर तिथनं सरळ खाली. चौथ्या मजल्यावरून पडलेलं कासव काय अवस्थेत येतं ते लिहीत नाही.

खाली अंगण असलेल्यांचं दुखणं कुत्रं. भटकं कुत्रं सोडा, घरातलं. हे मला मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतंय कारण जवळजवळ प्रत्येकजण हेच म्हणतो की आमचा टॉमी आणि कासव एकत्रच वाढलेत, तो त्याला चाटतो, शेजारी झोपतो. असेल, वर्षानुवर्षं झोपत असेल. पण कुत्र्याला कासव म्हणजे हलणारं हाड, वासही तसाच, कडकपणाही तसाच, आणि एखाद्या दुपारी कंटाळा आला, बाकी कुणी घरात नाही, की तो दोन पंजात धरून कडेनं चावायला सुरुवात करतो. यात रागबिग काही नसतो, तो त्याला मारत नसतो, चघळत असतो. पाठीची कड आधी जाते, मग मागचा पाय. दात उमटलेले दिसतात ओळीनं, आणि जिथं कड तुटलीय तिथं पांढरं हाड आणि रक्त. कारण ही पाठ नखासारखी निर्जीव नसते हो, लोकांना तेच वाटतं, ती हाडांची आहे, बरगड्या आणि मणका तिलाच जोडलेले आहेत, तिच्यात रक्त आहे, नसा आहेत, दुखतं. ओरडता येत नाही म्हणून दुखत नाही असं नाही.

मांजराचं वेगळं. मांजर मोठ्या कासवाच्या नादाला लागत नाही, पण छोटा इगुआना, बिअर्डेड ड्रॅगन, गेको असले छोटे पाळीव सरडे असले तर तिला ती पालच. आणि मांजराच्या दाताची जखम दिसत नाही, सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, पण तोंडातले जंतू आत खोल सोडून जाते. सरपटणाऱ्यांमध्ये पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही, तो आत चीजसारखा घट्ट गोळा होऊन बसतो, मग कापून काढावा लागतो. म्हणून मांजरानं नुसतं तोंडात धरलं होतं, लगेच सोडलं, काही झालं नाही असं म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणि मुंगूस. कुपवाड, बुधगाव, माधवनगर, हरिपूर, जिथं जिथं वस्ती उसाला किंवा ओढ्याला लागून आहे तिथं मुंगूस आहेच. ऊस तुटायला लागला की त्याचा आडोसा जातो, घुशी, उंदीर, मुंगूस, कोल्हे, सगळे वस्तीच्या बाजूला सरकतात, हे शेतकऱ्यांना मी सांगायला नको. साप मारणारा मुंगूस इगुआनाला घाबरेल का? हरिपूरकडच्या एका घरी मी बघायला गेलेले, त्यांनी कासवासाठी पिंजरा केलेला, बिचाऱ्यांनी मनापासून केलेला, पण चिकन जाळी लावलेली, ती षटकोनी भोकाची. जाळी कुठं तुटलेली नव्हती. पण एका जागी दोन तारा बाजूला झालेल्या आणि त्यात करड्या राखाडी केसांचा झुपका अडकलेला. मुंगसानं हात आत घालून कासवाला जाळीपर्यंत ओढलेलं आणि जेवढा भाग हाताला लागला तेवढा खाल्लेला. चिकन जाळी कोंबड्या आत ठेवायला असते, बाहेरच्याला बाहेर ठेवायला नसते. हा फरक समजला तर पिंजऱ्याचं अर्धं काम झालं.

पिंजरा कसा करायचा ते सांगते, यात गुपित काही नाही, कुठलाही फॅब्रिकेशनवाला एका दिवसात करून देतो. जाळी वेल्डमेश घ्यायची, म्हणजे तारांचे सांधे वेल्ड केलेली, चौकोनी भोकाची, भोक अर्ध्या इंचाच्या वर नको, तार जाड पाहिजे, हातानं दाबून वाकत असेल तर ती कुत्र्याच्या पंजानं पण वाकणार. फ्रेम अँगलची किंवा चौकोनी पाईपची. आणि झाकण, साहेब झाकण, झाकण नसलेला पिंजरा म्हणजे घारीसाठी वाढलेलं ताट. झाकणाला बिजागरी आणि कडी-कोयंडा, नुसता वर दगड ठेवून भागत नाही, मांजर तो ढकलते आणि सुलकाटासारखं ताकदीचं कासव आतून उचलून टाकतं. ज्यांच्याकडं बिबट्या किंवा रानटी जनावराचा वावर आहे, शिराळा, चांदोलीच्या बाजूला, त्यांनी तर अंगणात नकोच, घराला चिकटून ओट्यावर, माणसांच्या वावरात.

खालची बाजू लोक विसरतात. मातीवर ठेवायचा असेल तर कडेनं जाळी फूटभर तरी जमिनीत गाडायची आणि तळाशी बाहेरच्या अंगाला वळवायची, म्हणजे घूस किंवा मुंगूस उकरत आलं तर त्याला जाळीच लागते. आतून सुलकाटा उकरतं, ते तर बिळं करूनच राहणारं जनावर आहे. एवढं नको असेल तर सरळ शहाबादी फरशीवर ठेवा आणि आत एका बाजूला मातीचा ट्रे ठेवा, गवत टाका. आतल्या आत एक कोपरा असा पाहिजे की जाळीपासून हातभर लांब आणि वरून झाकलेला, उलटं ठेवलेलं माठाचं अर्धुक चालतं, लाकडी खोकं चालतं. कासवाला किंवा इगुआनाला तिथं शिरता आलं पाहिजे. नुसतं जीव वाचवण्यासाठी नाही, मनासाठी पण. पिंजऱ्यावर कावळा नुसता येऊन बसला, काही केलं नाही, तरी इगुआना पुढं कितीतरी दिवस धड खात नाही, रंग काळवंडतो, हे आम्ही बघितलंय. म्हणून एका बाजूनं हिरवं शेडनेट लावा, सावलीही होते आणि आडोसाही.

तासगाव-मिरजेकडं द्राक्षबागेवर पाखरांसाठी नायलॉनची जाळी टाकतात, ती घरात शिल्लक असते, तीच वापरतात बरेच जण. नका वापरू. कुत्रं ती एका ओढीत फाडतं, आणि इगुआनाची नखं, बोटं तिच्यात अडकतात, तो झटापट करतो आणि दोरा आवळत जातो, बोट काळं पडेपर्यंत. शेजारच्या झुडपातला धामणीसारखा बिचारा साप पण तिच्यात अडकून मरतो, ते वेगळंच पाप.

आता काही जण हुशारी करून काचेची टाकीच उचलून उन्हात ठेवतात, वर झाकण, म्हणजे कावळा नाही, मांजर नाही. ते सगळ्यात घातक. काचेतून किरण येत नाहीत ते वर सांगितलंच, आणि आत भट्टी होते. सांगलीचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळीसच्या आसपास, अशा उन्हात बंद टाकीत जनावर थोड्या वेळात शिजतं, त्याला घाम येत नाही, सावलीत सरकता आलं तरच ते वाचतं. म्हणून पिंजरा जाळीचाच, निम्मा उन्हात निम्मा सावलीत, आत पाण्याचं पसरट भांडं. उन्हाळ्यात सकाळी साडेआठ-नऊच्या आत काम उरकायचं, थंडीत नऊ ते अकरा. अर्धा-पाऊण तास पुरतो. तोंड उघडं टाकून बसलंय, फेस येतोय, सैरभैर फिरतंय असं दिसलं की लगेच सावलीत.

आणि पिंजरा असला तरी माणूस शेजारी पाहिजे. यावर माझं भांडण होतं लोकांशी, ताई तुम्ही एवढा भक्कम पिंजरा सांगितला मग परत बसायचं कशाला. बसायचं कारण कडी नीट लागली का, सावली सरकली का, मुंग्या आल्या का, हे जाळीला कळत नाही. मुंग्यांना जाळी अडवत नाही, आणि लाल मुंग्या मंद पडलेल्या जनावराच्या डोळ्याला, गुदद्वाराला लागतात. पेपर वाचत बसा, शेंगा सोलत बसा, आजोबांना खुर्ची टाकून द्या, पण फोनमध्ये डोकं घालून बसलेला माणूस धरायचा नाही, त्याच्या पायाशी कावळा उतरला तरी त्याला कळत नाही. लहान पोरांच्या एकट्याच्या भरवशावर तर नकोच, पोरं खेळायला जातात, त्यात त्यांचा दोष नाही. आणि कासवाला हात लावला की साबणानं हात धुवायचे, मोठ्यांनी पण, सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असतो, लहान मुलांना त्यानं जुलाब-ताप येतो.

रात्री बाहेर काहीही ठेवायचं नाही, हौद असला तरी. थंडीत रात्री पारा खाली आला की कासव जागचं हलत नाही, अन् घुशी-उंदीर येऊन जिवंतपणी पाय कुरतडतात, ते डोळे मिटून पडलेलं असतं. बागेतल्या टाक्यात स्लायडर सोडणाऱ्यांनी संध्याकाळी वर जाळी ओढायची सवय लावून घ्यावी, किंवा आत आणावं.

एक माणसांचं पण सांगते. इगुआना मोकळा अंगणात फिरत असला की बघणाऱ्याला तो घोरपड वाटतो, मग कुणी काठी घेऊन मारायला धावतो, कुणी पकडून न्यायला. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, दाखवा, पोरांना हात लावू द्या. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा पट्टा, घालून फिरवत असाल तर छान, पण हार्नेस कुत्र्यापासून वाचवत नाही, उलट पळायची वाट बंद करतो, म्हणून हार्नेसवर असताना जनावर खांद्यावर, रस्त्यावर नाही. शेपटी धरून ओढू नका, ती तुटून हातात येते, परत उगवते पण पहिल्यासारखी नाही.

आणि घारीला, कावळ्याला, मुंगसाला दोष देऊन त्यांच्यामागं लागू नका. गलोल, विषाचे गोळे, चिकट सापळे असलं काही करायचं नाही. मुंगूस वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, आणि विष टाकलं की ते मुंगसाबरोबर शेजाऱ्याचं मांजर, घुबड, सगळ्यांच्या पोटात जातं. ते त्यांचं पोट भरतायत, राखायचं काम आपलं आहे, पाळायची हौस आपली होती.

एवढं करूनही झालंच काही, तर काय करायचं. रक्त येत असेल तर स्वच्छ सुती कापड किंवा गॉज धरून दाबून ठेवा, पाच-सात मिनिटं, सारखं उचलून बघू नका. माती लागली असेल तर मेडिकलमध्ये सलाईनची बाटली मिळते, नॉर्मल सलाईन, त्यानं धुवा. हळद भरू नका, सांगलीची असली तरी, चुना, तंबाखू, शेण, काही नाही. पाठ फुटली म्हणून फेविक्विक किंवा एमसील लावून आणतात लोक, कृपा करून लावू नका, जंतू आत कोंडले जातात आणि नंतर ते काढताना जिवंत हाड निघतं. तुटलेला तुकडा सापडला तर ओल्या गॉजमध्ये गुंडाळून बरोबर आणा, टाकून देऊ नका. पाण्यातलं कासव असलं तरी जखमेवर त्याला परत पाण्यात सोडायचं नाही, कोरड्या स्वच्छ खोक्यात, खाली जुना टॉवेल, वर जाळी किंवा मच्छरदाणीचं कापड, कारण माश्या जखमेवर अंडी घालतात आणि पावसाळ्यात तर एका दिवसात किडे पडतात. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. आणि लवकर आणा. हे जनावर दुखणं लपवतं, निसर्गानंच तसं केलंय, दुबळं दिसलं तर खाल्लं जातं म्हणून, त्यामुळं तुम्हाला ते आजारी दिसायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. उशिरा आलं तरी हात झटकून मोकळं व्हायचं नाही, पाठ फुटलेली कासवं बरी होतात, महिने लागतात, कधी वर्षही लागतं, पण होतात.

कायद्याचं थोडक्यात, कारण विचारणारे विचारतात. आपल्याकडचं कुठलंही कासव, ते चांदण्यांचं स्टार कासव पण, घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. वास्तूला चांगलं, पैसा येतो म्हणून जे कुणी ठेवतात त्यांनी वनखात्याकडं द्यावं, हेल्पलाईन १९२६ आहे. इगुआना, सुलकाटा यांसारख्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२२च्या दुरुस्तीनंतर करावी लागते, २०२४ साली त्याचे नियम आले, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर ती होते. कुणी म्हणेल पत्राच्या विषयाशी याचा काय संबंध, तर आहे. नोंद नाही म्हणून घाबरून लोक जखमी जनावर दवाखान्यात आणतच नाहीत. आधी जनावर आणा, कागद नंतर.

आणि राखणं जमत नाही म्हणून कृष्णेत, काळ्या खणीत, मिरजेच्या तलावात स्लायडर सोडून येतात, पुण्य म्हणून. त्यानं पुण्य लागत नाही. हे अमेरिकेतलं कासव, मादी फूटभर वाढते, वीस-तीस वर्षं जगते, जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींत त्याचं नाव आहे, आपल्या नदीतल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा ते बळकावतं. नाही जमत तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, ज्याच्याकडं टाकी आहे, जाळी आहे.

संपादक साहेब, विनंती दोनच. मुलांच्या परीक्षा संपून सुट्टी लागायच्या आत यातलं निदान पिंजऱ्याचं आणि जखमेचं छापा, कारण सुट्टीतच पोरं कासव घेऊन अंगणात बसतात आणि आमच्याकडं गर्दी सुट्टीतच होते. आणि जिल्ह्यातल्या पेट शॉपवाल्यांनी, जे नाण्याएवढं पिल्लू प्लास्टिकच्या डब्यात घालून देतात, त्यांनी डब्याबरोबर एक कागद द्यावा, पिल्लू किती मोठं होणार, ऊन कसं द्यायचं, जाळी कसली लावायची एवढंच लिहिलेला. कागद मी लिहून द्यायला तयार आहे, मराठीत, फुकट. कुणाला पिंजऱ्याचं माप पाहिजे असेल तर आपल्या कार्यालयात पत्र टाका, मी येऊन घेऊन जाईन आणि उत्तर देईन.

आपली विश्वासू,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली